गावातली जिल्हा परिषद शाळा पारखताना

लेक २०२५ च्या जूनमध्ये पहिलीत गेली. तिला कुठल्या शाळेत घालायचं हा जानेवारीत सुरू झालेला घोळ जूनपर्यंत चालला. या काळात 'शाळा चांगली आहे का' हे नेमकं कसं बघायचं, हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. मतं मात्र पोत्यानं मिळाली. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं गाव तालुक्यापासून नऊ किलोमीटरवर. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, आणि सकाळी पारापाशी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस येते. बसवाल्या शाळेची फी वर्षाला २८,००० रुपये, बसचे महिन्याला ९०० वेगळे. घरात दोन तट. सासूबाई म्हणायच्या, "हा तिथंच शिकला, काय बिघडलं त्याचं?" त्यावर नवऱ्याचं ठरलेलं उत्तर, "तेव्हाचे गुरुजी वेगळे होते." जाऊबाईंचं म्हणणं, आजकाल तिथं कोण पोरं घालतंय! मी पतसंस्थेत काम करते. कर्ज मागायला आलेल्या माणसाबद्दल गाव काय म्हणतं ते आम्ही ऐकून घेतो, पण आधी कागद बघतो. शाळेच्या बाबतीतही तसंच करायचं ठरवलं.

बोलण्यात कुणीतरी वाबळेवाडी, म्हणजे पुणे जिल्ह्यातली ती गाजलेली जिल्हा परिषद शाळा, काढायचंच. नाहीतर परितेवाडी, कारण तिथल्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. अभिमान वाटतोच. पण माझी लेक वाबळेवाडीला जाणार नव्हती, मारुतीच्या देवळामागच्या दोन खोल्यांत जाणार होती.

सुरुवात २६ जानेवारीला केली. त्या दिवशी झेंडावंदनाला कुणीही जाऊ शकतं, 'तुम्ही कशाला आलात' असं कुणी विचारत नाही. भिंती नव्यानं रंगवलेल्या, त्यावर पाढे, नकाशे, एक आगगाडी. भाषणं झाली. नंतर कळलं की प्रत्येक कार्यक्रमात तीच तीन मुलं बोलतात. रंगाबद्दल सरपंचांनीच सांगितलं, लोकवर्गणीतून झाला. ते खरंच असणार, कारण ३१ ते १०० पटसंख्या असलेल्या शाळेला सरकारच्या 'समग्र शिक्षा' योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला २५,००० रुपये असतं. त्यातच दुरुस्ती, वीजबिल, किरकोळ साहित्य, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. एवढ्यात आगगाडी निघत नाही. रंगीत भिंतीवरून गाव शाळेकडे लक्ष देतं एवढं कळतं, आत काय शिकवतात ते कळत नाही.

फाटकाशेजारी अकरा आकडी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) लिहिलेला होता, त्याचा फोटो काढून आणला. महाराष्ट्रातल्या शाळांचा हा क्रमांक २७ ने सुरू होतो, पुढे जिल्हा, तालुका, गाव आणि शाळा. तो यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं: इयत्तेनुसार पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालयातली पुस्तकं. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. माहिती मागच्या वर्षाची असते, ते धरून चालायचं. आमच्या शाळेचा पट ४७, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यानं ६० पर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण चार वर्ग आणि दोन शिक्षक म्हणजे बहुवर्ग अध्यापन. पहिली-दुसरी एका खोलीत बाईंकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत सरांकडे. सर मुख्याध्यापकही तेच. एवढ्या पटाला स्वतंत्र मुख्याध्यापक नसतो, तो १५० च्या पुढे. म्हणजे सर बैठकीला गेले की बाईंपुढे ४७ मुलं.

त्याच आठवड्यात, २८ जानेवारीला, 'असर'चा, म्हणजे गावोगावच्या मुलांना किती वाचता आणि गणित करता येतं ते तपासणाऱ्या पाहणीचा, २०२४ चा अहवाल आला. देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता. बातमीत लोक टक्केवारी बघतात, मला त्यांची पद्धत जास्त उपयोगी वाटली. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, मग गोष्ट. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. पाच मिनिटांत एक मूल कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. आणि बघायचा वर्ग कुठला तेही त्यातूनच ठरलं: तिसरी. पहिली-दुसरीत काय झालं याचा हिशोब तिसरीत लागतो.

फेब्रुवारीत सरांना फोन केला. "लेकीला घालायचा विचार आहे, एक दिवस वर्गात बसू का?" मला वाटलं टाळतील. ते म्हणाले, "या की ताई. फक्त शनिवारी नको, अर्धा दिवस असतो. मंगळवारी या, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा." (खासगी शाळेतही हेच विचारलं होतं. तिथं माहितीपत्रक दिलं, संगणक कक्ष दाखवला, चालू वर्गात बसता येणार नाही म्हणाले. त्यांचेही काही नियम असतील, पण माझ्या हाती काही लागलं नाही.)

परिपाठ झाला आणि मी तिसरी-चौथीच्या खोलीत मागे भिंतीला टेकून बसले. पहिली पंधरा मिनिटं मुलं माझ्याकडेच बघत होती, नंतर विसरली. सरांनी चौथीला गणितं घालून दिली आणि तिसरीला घेऊन खाली सतरंजीवर बसले. एका मुलानं पुस्तकातला धडा घडाघडा वाचला. मी खूश. पण त्याचं बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या! धडा पाठ होता. सरांनाही ते दिसलं असणार. त्यांनी त्याला थांबवलं नाही, वाचून झाल्यावर फक्त म्हणाले, "आता शेवटच्या ओळीपासून वर ये." मुलगा अडकला. मग सरांनी शेवटच्या ओळीतला एक शब्द फळ्यावर लिहिला आणि तो फोडून त्याच्याकडून वाचून घेतला. बाकीची हसली नाहीत, म्हणजे हे रोजचं असावं. त्या मुलाला वाचता येत नाही हे मला कळलं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सरांना आधीच माहीत होतं.

नंतर मी विचारलं, एखादं गणित घालू का? सर म्हणाले, "घाला. पण बरोबर-चूक त्यांच्यासमोर बोलू नका." ५२ वजा २७ दिलं. तिसरीतल्या नऊ मुलांपैकी पाच जणांची बरोबर आली. तिघांनी ३५ लिहिलं, म्हणजे सातातून दोन वजा केले, कारण दोनातून सात जात नाहीत. एकानं काहीच लिहिलं नाही. सरांनी ३५ वाल्यांना काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले. "बावन्न मांड. आता यातून सात दे मला." सुट्या काड्या दोनच. मुलगी गठ्ठ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "रबर काढू?" सर म्हणाले, "काढ की." मी तेवढ्यावर अर्धी लेक शाळेत घातली होती.

पण पहिली-दुसरीच्या खोलीत चित्र इतकं छान नव्हतं. बाई पहिलीकडे असल्या की दुसरी फळ्यावरचं उतरवून काढत बसायची, आणि उतरवून झालं की मारामाऱ्या. कोपऱ्यातल्या स्मार्ट टीव्हीवर फुलाफुलांचं कव्हर, त्यावर धूळ. पुस्तकांचं कपाट बंद. किल्ली सरांकडे, सर दुसऱ्या वर्गात. रिपोर्ट कार्डावर पुस्तकांची संख्या तीन आकडी आहे, मुलांच्या हातात त्या दिवशी एकही नव्हतं. बाईंना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, "एकटीला दोन वर्ग. गोष्टीचं पुस्तक काढलं की फाटतं, आणि फाटलं की स्टॉकमध्ये कमी दाखवता येत नाही." हे कारण पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीचा मुद्दाम फायदा घ्या. पोषण आहाराला पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरतात. ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा निकष आहे. फळ्यावर त्या दिवशीची उपस्थिती ४१ लिहिली होती. मी डोकी मोजली, ४१. शिजवणाऱ्या मावशींना सहज विचारलं, आज तांदूळ किती घेतला? "चार किलो शंभर." हे तीन आकडे जुळले तर हजेरीपट खरा आहे असं समजायला हरकत नाही. जेवण वाढायच्या आधी सरांनी चव घेऊन नोंदवहीत सही केली, तीही माझ्यादेखत. मागची पानं चाळली तर सुट्ट्या सोडून रोजची नोंद होती, आणि शाई वेगवेगळी! एका दमात भरलेली वही ओळखू येते, हे आमच्या धंद्यातलं ज्ञान इथे कामी आलं.

आहाराच्या फलकापुढे मुलांची गर्दी होती. मटकीची उसळ लिहिलं होतं. दुसरीतली एक मुलगी 'म-ट-की' असं लावून लावून वाचत होती, शेजारचा तिला सांगत होता की वासावरूनच कळतंय. धडा पाठ असतो, फलक रोज बदलतो. तेव्हा मूल वाचतं का ते बघायला याहून बरी जागा नाही.

स्वच्छतागृहात स्वतः जा. मुलींचं वेगळं होतं, दाराला कडी होती, पाणी नव्हतं. टाकी भरायची मोटर जळून बरेच दिवस झाले होते. घागरीनं पाणी आणून ठेवतात म्हणे, घागर रिकामी होती. सहा वर्षांच्या मुलीसाठी ही माझ्या मते टीव्हीपेक्षा मोठी गोष्ट आहे, म्हणून पुढचा शोध तिथूनच सुरू झाला.

मोटरचं काय झालं हे शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात सापडलं. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. कागदावर तसंच होतं. सर म्हणाले, वही बघा हवी तर. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार ठेवला होता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तो अर्ज द्यावाच लागला नाही. तुमच्याकडे 'वही मिळणार नाही' असं उत्तर आलं तर मात्र द्या, आणि त्या उत्तरालाच शाळेबद्दलची माहिती समजा. डिसेंबरच्या बैठकीत मोटरचा विषय होता, 'ग्रामपंचायतीस पत्र द्यावे' असा ठराव, खाली सह्या. महिला सदस्यांपैकी दोघींच्या सह्या एकाच हस्ताक्षरात. त्यातल्या एकीला मी ओळखते. तिला विचारलं तर म्हणाली, "वही घरी येते, मी सही करते, नसले तर सासरे करतात."

शिक्षकांच्या बदल्यांची चौकशी करायला पंचायत समितीत गेले. हा भाग वैतागाचा. गटशिक्षणाधिकारी बैठकीला, विस्तार अधिकारी भेटीला, लिपिक चहाला. बाकावर बसून अर्धा दिवस गेला, रजा गेली ती वेगळीच. शेवटी एका केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) उभ्या उभ्या सांगितलं: पदं ठरतात ती संचमान्यतेत, ३० सप्टेंबरच्या पटावर, बदल्या ऑनलाइन होतात, आणि तुमच्या शाळेतले सर यंदा बदलीपात्र आहेत. हे ऐकून पोटात गोळा आला. ज्यांच्या जिवावर मी निम्मा निर्णय घेतला होता तेच जाणार! आधी कळलं हे बरंच झालं. साधारण पाच वर्षं एका जागी झालेल्या शिक्षकाबद्दल हा प्रश्न विचाराच.

मग ज्या माणसाकडे सगळ्यात आधी जायला हवं त्यांच्याकडे गेले: शेजारच्या गावातल्या हायस्कूलमध्ये पाचवीला शिकवणारे शिक्षक. त्यांच्याकडे दरवर्षी आसपासच्या सहा-सात शाळांची मुलं चौथी करून येतात. त्यांना कुणाची बाजू घ्यायची नसते आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात सगळं समजलेलं असतं. ते म्हणाले, "तुमच्या गावची पोरं वाचतात. इंग्रजी कच्चं असतं. दोन-तीन दरवर्षी अशी येतात की ज्यांना काही येत नाही, पण ती वर्गात लपत नाहीत, विचारतात." खासगी शाळेतून परत येणाऱ्या मुलांबद्दल विचारलं तेव्हा हसले. म्हणाले, "फळ्यावरचं उतरवतात सुंदर."

एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुरू असताना, शाळापूर्व तयारी मेळावा झाला. दाखल होणाऱ्या मुलांसाठी टेबलं मांडलेली. उड्या मारणं, मणी ओवणं, गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं. ही प्रवेशपरीक्षा नव्हे, तशी घेणं कायद्यातच बसत नाही. मूल कुठे आहे ते बघतात आणि आईला उन्हाळ्यात काय करून घ्यायचं ते सांगतात. लेकीनं मोजणी वीसपर्यंत केली आणि कात्री काही केल्या धरली नाही. जुन्या वर्तमानपत्रावर मेभर कातरकाम झालं. इथे बाईंना मी पहिल्यांदा निवांत बघितलं. एक मूल रडत होतं, त्याला त्या टेबलापर्यंत ओढून नेत नव्हत्या, त्याच्या शेजारी बसून स्वतःच मणी ओवत होत्या. थोड्या वेळानं त्यानं त्यांची दोरी घेतली.

दाखल करताना जन्मदाखला, तिचं आणि आमचं आधार, दोन फोटो एवढं लागलं. वयाचा निकष ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण. लेक नोव्हेंबर २०१९ ची, त्यामुळे बसली, पण वर्गात सगळ्यात लहान. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीची नोंदही वयाचा पुरावा म्हणून चालते, आणि कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधारवरचं आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते मात्र मेमध्येच तपासून घ्या. आमच्याकडे वडिलांच्या नावात 'राव' एकीकडे होतं, एकीकडे नव्हतं. दुरुस्तीला तेव्हा ५० रुपये आणि आधार केंद्रावर एक सकाळ गेली. शाळेची फी शून्य. पुस्तकं १६ जूनला, पहिल्याच दिवशी मिळाली. पहिलीची पुस्तकं त्या वर्षी नवी होती. दप्तर, डबा, बाटली, रेनकोट असे आमचे हजार-बाराशे गेले. जून सगळा हिंदी पहिलीपासून की नाही या चर्चेत गेला. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आधी मराठी तर वाचू दे त्यांना." २९ जूनला हिंदीचे ते सरकारी आदेश मागे घेतले गेले.

इंग्रजीचं सरांनी खरं सांगितलं होतं, पहिलीपासून विषय आहे, पण बोलणं होत नाही. ते आम्ही घरी थोडंफार बघतो. बसचे आणि फीचे वाचलेले पैसे सगळे काही साठत नाहीत, पण महिन्याला गोष्टीची दोन पुस्तकं येतात. वाचून झाली की ती शाळेत देते. ती स्टॉकमध्ये नाहीत, त्यामुळे फाटली तरी बाईंना हिशोब द्यावा लागत नाही! आता खिडकीत दोरीवर टांगलेली असतात.

सर पुढे बदलून गेलेच. नवीन आलेल्या मॅडमना गाव नवं, बहुवर्गाची सवय नाही, पहिला महिना तिसरी-चौथी ढेपाळली. चव नोंदवही मात्र चालू राहिली आणि काड्यांचे गठ्ठे कपाटात गेले नाहीत, कारण आता चौथीतली मुलंच ते काढून बसतात. मोटर ऑगस्टमध्ये बसली. समितीत एक जागा रिकामी होती, तिथे माझं नाव लागलं. बैठकीची वेळ संध्याकाळी पाच करून घेतली, आता वही घरी येत नाही. सगळ्या बायका येतात असं नाही, पण दोघी येतात आणि त्यातली एक मोटरवर चांगलीच भांडली.

लेकीचं म्हणाल तर दिवाळीपर्यंत काना-वेलांटीचे शब्द वाचते, उकारात गडबडते, आणि कात्री अजून डाव्या हातानं धरते.

पुढचा प्रश्न पाचवीचा आहे. शाळा चौथीला संपते आणि हायस्कूल अडीच किलोमीटरवर, मधे हमरस्ता. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, म्हणून पाचवीचा वर्ग इथंच जोडून मिळावा असा ठराव समितीनं सप्टेंबरच्या बैठकीत केला. अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत गेलाय. पोच घेतलीय, तिच्यावर आवक क्रमांक टाकून घेतलाय. लेक पाचवीत जाईल २०२९ ला, तोवर किती वेळा त्या बाकावर बसावं लागतंय बघू.